दौंडचा पाठ

ज्या नादातून ही सृष्टी उमलली असे शास्त्रे सांगतात, त्या नादरूप परमेश्वरास प्रथम वंदन. आज विजयादशमी. दौंडच्या बँडची वाद्ये फुले वाहून मांडली आहेत आणि वादकांनी आग्रह धरला आहे, "शास्त्रीबुवा, आमच्या मामांवर चार ओळी लिहून द्या." तो आग्रह मोडणे मला शक्य नाही.

भीमेच्या दोन्ही काठांवर बँडमास्तर मामांइतका गुरुनिष्ठ पुरुष मी पाहिला नाही, आणि माझी बारा वर्षे पाठशाळेत गेली आहेत. त्यांचे गुरू अमेरिकेत, जॅझ नावाचे संगीत वाजविणाऱ्या मोठ्या ताफ्याचे नायक. शिष्याने गुरूला कधी पाहिले नव्हते आणि गुरूला दौंड नावाचे गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही 'आमचे उस्ताद' म्हणताना मामांचा हात कानाच्या पाळीस लागे. उस्ताद काळा सूट घालतात हे एका तबकडीच्या पाकिटावरून कळताच त्यांनी ऐन वैशाखात आपल्या सर्व वादकांना काळे कोट शिवले. मांडवगण फराट्याच्या लग्नात त्यांतील दोघांना भोवळ आली. त्यांच्या नाकाशी कांदा धरीत मामा म्हणाले, "उस्तादांची मानसं अशी पडत न्हाईत. कॉलर नीट करा."

मी लग्ने लावणारा, ते लग्ने वाजविणारे. त्यामुळे आमची गाठ ठरलेली. नवरदेव मारुतीच्या देवळातून घोड्यावर निघाला की मामा आपल्या कॉर्नेटवर, म्हणजे आखूड पितळी तुतारीवर, उस्तादांची एक विशिष्ट चाल धरीत. मांडवाशी येताच ती चाल मंदावे, स्वर खाली खाली उतरत आणि अखेर निजलेल्या मुलाच्या श्वासासारखे विरून जात. घोडा आपोआप थांबे. मी मात्र अक्षता घेऊन ताटकळे. एकदा न राहवून म्हणालो, "मामा, मुहूर्त टळतो आहे." ते शांतपणे म्हणाले, "तुमी मंगलाष्टकातलं कडवं गाळता का? मग म्या उस्तादांचं कसं गाळू?" घाईत मी एखादे कडवे गाळतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी अक्षता पुन्हा ताटात ठेवल्या.

शिरूरचा बँड चालविणारे आप्पा मात्र ऐकून घेणारे नव्हते. "असा रडका शेवट कुनी सायेब करंल व्हय? मामा, ते तुमी मनचं जोडलंय." ज्या एका तबकडीवरून मामा ती चाल शिकले, ती केव्हाच फुटली होती, पुरावा उरला नव्हता. मामांनी भर मांडवात सांगितले, "माझा शेवट खोटा निघाला, तर कॉर्नेट कायमचा खाली ठेवीन." पोटापाण्याचा नव्हे, जन्माचा प्रश्न झाला.

पुढे एकोणीसशे साठच्या दशकात, दौंडला रेल्वेचे इंजिन चालविलेल्या आणि नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एका अँग्लो-इंडियन स्नेह्याने मामांना एक पेटी धाडली. उस्तादांच्या आयुष्यभराच्या वादनातून निवडून, कालक्रमाने लावलेल्या पाच मोठ्या तबकड्या तीत होत्या. मामांच्या चावीच्या ग्रामोफोनवर त्या चालेनात. म्हणून एका रविवारी दुपारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, विजेच्या यंत्रापुढे दोन्ही बँड बसले. पंच मी.

पहिल्याच तबकडीवर ती चाल आली. मामांनी डोळे मिटले. चाल दौडत गेली आणि शेवटी सगळी वाद्ये एकदम कडाडून थांबली. मंदावणे नाही, विरणे नाही. "झालं?" आप्पा म्हणाले. मामांनी कॉर्नेट फडक्यात गुंडाळायला घेतला आणि माझ्याकडे झुकून हलकेच म्हणाले, "मंजी माझ्या ग्रामोफोनची चावी उतरत हुती, शास्त्रीबुवा. म्या त्यालाच उस्ताद समजलो."

मी म्हणालो, "ग्रंथ अर्धा वाचून निर्णय देत नाहीत. पुढे लावा."

चहा झाला, पुन्हा चहा झाला. तिसऱ्या तबकडीवर तीच चाल पुन्हा आली, आणि या वेळी शेवटी एकटी क्लॅरिनेट बोलत राहिली. पाचवीवर, उस्तादांच्या उतारवयात, ती तिसऱ्यांदा आली. संथ, आणि वाक्य अर्धे सोडावे तशी थांबली. मामांनी सुई पुन्हा ठेवावयास सांगितली. मग ते उठून उभे राहिले.

"आप्पा, उस्तादांनी सोता तीन शेवट केलं. ह्यातला खोटा कंचा, तेवढं सांगा."

आप्पांनी टोपी काढली, डोके खाजविले, टोपी घातली. "निकाल शास्त्रीबुवांचा."

मूळ कर्त्यानेच तीन पाठ दिले असता, निष्ठेने जपलेला चौथा, दौंडचा पाठ ग्राह्य आहे, असा निर्णय मी दिला. आयुष्यात इतक्या निःशंक मनाने मी दुसरा निर्णय दिलेला नाही. फडके सुटले. कॉर्नेट असा निनादला की फलाटावरचे हमाल खिडक्यांशी गोळा झाले. दुसऱ्या आवर्तनाला आप्पांचे वादकही उठले आणि दोन तालुक्यांचे बँड एका मांडवात असावेत तसे वाजू लागले. शेवटाशी येताना आप्पांनीच हात वर करून आपल्या लोकांना दटावले, "हळू. हितनं हळू घ्या." मग मामांकडे वळून म्हणाले, "केडगावच्या लग्नात म्या बी असंच वाजवनार. परवानगी हाय नव्हं?"

"उस्तादांची हाय," मामा म्हणाले. "माझी कशाला पायजे?"

मामा पैगंबरवासी झाले त्यास आता काळ लोटला. कॉर्नेट त्यांनी खाली ठेवला नाही; छातीत दम उरला नाही तेव्हाही तो मांडीवर घेऊन ते लग्नघरच्या ओट्यावर बसत, आणि कोणाचाही बँड असो, चाल मंदावू लागली की त्यांची बोटे तेवढी चालत. दोन्ही तालुक्यांत आज हीच रीत आहे. ती कोठून आली, हे नव्या मुलांना माहीत नाही.

वाचकहो, तुमच्या दारी मंगल वाद्ये वाजोत, घरातील थोरांना शांती आणि लेकरांना दीर्घायुष्य लाभो, आणि ज्याच्यावर निष्ठा ठेवावी असा एक तरी गुरू, जवळ वा दूर, तुमच्या कुळात प्रत्येकास मिळो.