माळावरची रेंज

बारावीनंतर मी पोलीस भरतीची तयारी सुरू केली, ती गादीवर पडून. महाडच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी डोळे उघडले की मी मोबाईल घ्यायचे आणि धावण्याचे व्हिडिओ बघायचे. पाऊल कसं टाकावं, श्वास कधी सोडावा, गोळा कसा फेकावा, सगळं तोंडपाठ. बघता बघता फरसाणचं पाकीट संपायचं. मैदानावर जाणं राहून जायचं, कारण अजून एक व्हिडिओ बाकी असायचा.

भरती काही निघाली नाही, मी मात्र चांगलीच भरले. जिना चढताना धाप लागायची, पाळी पुढेमागे व्हायला लागली, मानेवर काळपट पट्टा आला. आई डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "साखर वाढायला लागलीय. या वयात हे बरं नाही. मोबाईल कमी करा, चालायला लावा."

आईने लगेच तोडगा काढला. पोलादपूरच्या वर डोंगरात मामाचं गाव आहे, तिथे रेंज नाही. दिवाळी झाल्यावर तिने मला तिकडे पाठवलं.

पहिल्याच संध्याकाळी मी मोबाईल उंच धरून अंगणभर फिरले. मामी पडवीत बसून बघत होती.

"काय हुडकतेस गो?"

"रेंज."

"इथं नाय गावायची. वरच्या माळावर हाय."

सकाळी निघाले. उभी चढण. पहिल्या वळणावर बसले, दुसऱ्यावर बसले, तिसऱ्यावर तर रडूच आलं. पण माळावर पोचले आणि अडकलेले सगळे व्हिडिओ एकदम आले. दगडावर बसून मी धावण्याचं तंत्र पुन्हा बघितलं. जेवायला खाली आले, संध्याकाळी पुन्हा वर. मग रोजच. गावात फरसाण मिळत नव्हतं, मामीची नाचणीची भाकरी होती. थोड्याच दिवसांत मला वाटेत बसावंसं वाटेना.

मामी वाडीभर कौतुकाने सांगायची, "पोर भरतीसाठी दोन वेळा डोंगर चढते." मी तिला खोटं पाडलं नाही.

होळीला घरी आले तेव्हा सलवारची नाडी चांगलीच आवळावी लागत होती. साखर उतरली होती. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "बघितलंत? मोबाईल सुटला की असा फरक पडतो." आईने समाधानाने मान हलवली. मीही हलवली.

पुढे भरती निघाली. मी धावले, पूर्ण धावले, आणि थोडक्यात राहिले. आता एका ऑफिसात कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम करते. दिवसभर खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघते, आणि त्याबद्दल कोणी ओरडत नाही, कारण पगार मिळतो.

संध्याकाळी मात्र महाडबाहेर नाते गावाच्या रस्त्याने चालायला जाते. ऑफिसातल्या तिघी बरोबर असतात. वाटेत आम्ही बहुतेक वेळ त्या दिवशी पाहिलेल्या व्हिडिओंबद्दलच बोलतो.