सलीमभाईंचा राउटर बंद करू नका

"सुनीता, त्या टेलरचं वायफायचं मशीन बदलून आण. आन् जायच्या आधी इथी सही कर," साहेब म्हणाले. कागदावर लिहिलं होतं, ग्राहकाने पासवर्ड स्वतः लोकांना दिला. मी पेन उचललंच नाही.

बल्लारपुरात घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी टेक्निशियन आहे. आमचे ग्राहक सलीमभाई टेलर. त्या सकाळी पोलिसांनी त्यांना बोलावून विचारपूस केली होती. एका शिक्षिकेला खोट्या अकाउंटवरून घाणेरड्या धमक्या गेल्या होत्या, आणि त्या सलीमभाईंच्या कनेक्शनवरून निघाल्या होत्या. दुपारपर्यंत बायका शिवायला दिलेलं कापड परत न्यायला लागल्या.

पासवर्ड त्यांनी नव्हता दिला. आम्हीच दिला होता. आमची रीतच तशी. वायफायचा पासवर्ड म्हणजे ग्राहकाचा मोबाइल नंबर. तो विसरत नाही, म्हणून ऑफिसला फोन येत नाहीत. सलीमभाईंचा नंबर तर दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तोही आम्ही कंपनीतून आला तसाच ठेवायचो, सगळीकडे एकच.

दुकानात पोचले तर सलीमभाई प्लग काढायला निघाले होते.

"बंदच करतो बाई. नाई पायजे मले हे."

"हात नका लावू, भाऊ."

कोणता फोन कधी जोडला गेला, याची नोंद राउटर ठेवतो. तिला लॉग म्हणतात. या स्वस्त मॉडेलमध्ये वीज तुटली की लॉग पुसला जातो. मशीन बदललं की पुरावा जाणार आणि दोष सलीमभाईंवरच राहणार. साहेबांना एवढी घाई का, ते मला तिथं कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

धमक्या शुक्रवारी दुपारी गेल्या होत्या.

"तवा तुमी कुठी होते?"

"नमाजले. शटर बंद, फोन खिशात."

लॉगमध्ये त्या वेळी एकच फोन जोडलेला दिसला. त्याचा ओळख-क्रमांक सलीमभाईंच्या फोनशी ताडून पाहिला, तो त्यांचा नव्हता. मी फोटो काढले, त्यांना घेऊन ठाण्यात गेले आणि पासवर्ड कोणी ठेवला होता तेही लिहून दिलं.

साहेबांचा फोन आला. "कंपनीचं नाव काऊन खराब करून राह्यली? नोकरी नाई पायजे का?"

"पायजे ना. पण खोटी सही करून नाई."

पोलिसांच्या तपासात लॉगमधला तो फोन मागच्या गल्लीतल्या एका माणसाचा निघाला. सलीमभाई संशयातून सुटले. कापड परत आलं, सगळं नाही.

मला कंपनीची नोटीस मिळाली. उत्तरासोबत मी, ज्यांचा पासवर्ड अजून मोबाइल नंबरच आहे, अशा ग्राहकांची यादी जोडली. नोकरी राहिली. आता प्रत्येक घरी दोन्ही पासवर्ड मी ग्राहकालाच टाकायला लावते, लांब आणि वेगवेगळे. बटण दाबून फोन जोडायची सोय बंद करते, अपडेट लावते. वेळ जास्त जातो. साहेब कुरकुरतात, कुरकुरू देत. दार आपण उघडं ठेवायचं आणि घरमालकाला चोर ठरवायचं, हे माझ्या हातून होणार नाही.