चेन्नकेशवय्यांचा सहावा पासवर्ड

आमच्या म्हैसूरच्या कॉलेजात पूर्वी पासवर्ड बदलायचा तर संगणक विभागात भ्रमरांबाक्कांच्या टेबलाशी यावं लागे. माणूस वाकून नवा शब्द कुजबुजायचा आणि अक्का तो टाइप करायच्या. "सर, बायकोचं नाव नको. सगळ्या कॉलेजला पाठ आहे," असं बिनदिक्कत सुनवायच्या. मी शेजारच्या टेबलावर हसू दाबून बसायचे.

शेवटी त्याच अवघडल्या. "लोकांची गुपितं माझ्या कानात कशाला?" म्हणून त्यांनी एक वेबपान तयार केलं. जुना पासवर्ड टाका, नवा दोनदा टाका, झालं. आता तो त्यांनाही दिसत नसे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचाच आणि मागचे पाच चालणार नाहीत, हे नियम मात्र कॉलेजच्या संगणक समितीने घालायला लावले.

कुणी कधी बदल केला याच्या नोंदी अक्का रोज चाळत. एके सकाळी म्हणाल्या, "जयलक्ष्मी, हे बघ. वनस्पतिशास्त्राच्या चेन्नकेशवय्या सरांनी बसल्या बैठकीला सहा वेळा पासवर्ड बदललाय."

"कुणी चोर शिरला असेल का?"

"चोर एकदाच बदलेल आणि मालकाला बाहेर ठेवेल. सहा वेळा कशाला? चल, विचारूनच येऊ."

सर वर्तमानपत्राच्या घड्यांत पानं वाळत घालत होते. अक्कांनी विचारलं तर खूश झाले. "मीच बदलला! मागचे पाच चालत नाहीत ना? मग पाच भलतेच घातले आणि सहाव्यांदा आपला जुना परत आणला."

"अहो, पण का?"

"तो मला येत नाही, अम्मा. बोटांना येतो." त्यांनी टेबलावरच बोटं नाचवून दाखवली. "तोंडाने विचाराल तर मध्येच अडखळतो. थांबा, म्हणून बघतो..."

"नको!" अक्कांनी दोन्ही कान झाकले. सर मिश्कील हसले आणि आमच्यासाठी कॉफी मागवली.

परतताना अक्का जिन्यातच थांबल्या. "काय असेल गं? झाडाचं नाव?"

"मग ऐकायचं होतं की!"

"छे, छे."

त्यानंतर त्या भेटेल त्याला एकच विचारू लागल्या, 'तीन महिन्यांनी तुम्ही नक्की काय करता?' कुणी शेवटी आकडा वाढवत होतं, कुणी पासवर्डची चिठ्ठी संगणकाच्या पडद्याला चिकटवत होतं. हे सगळं त्यांनी समितीपुढे मांडलं. एक सदस्य म्हणाले, "दिवसातून एकदाच बदलता येईल असं करा. कसे सहा करतात बघू!"

"सहा दिवस लावतील," अक्का म्हणाल्या. "पासवर्ड लांब ठेवायला सांगू आणि संशय आला तरच बदलायला लावू."

बरीच कुरकुर झाली, पण सक्ती गेली.

पुढच्याच महिन्यात नोंदींत चेन्नकेशवय्यांचं नाव पुन्हा आलं. या खेपेला एकच बदल. अक्कांनी तडक फोन लावला. "सर, आता तर कुणी सांगितलं नव्हतं!"

"म्हणूनच वाटलं, बदलून बघावं," पलीकडून सर म्हणाले. "नवा तोंडानेसुद्धा येतो. सांगू?"

अक्कांनी फोन कानापासून लांब धरला. पण खाली ठेवला नाही.