हवेतलं बोट

आखातातल्या सित्र्याच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारचा रत्नागिरीकडचा फिटर फोनवर आमच्या हाँगकाँगच्या म्हाताऱ्या फोरमनचे कँटोनीज, म्हणजे तिकडच्या चिनीतले, व्हॉइस मेसेज ऐकायचा. डोळे मिटून, सुरामागे बोट वरखाली नेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, असं म्हणायचा.

“मँडरिनचे सूर चढतात-उतरतात, पटकन कळतात. कँटोनीजचे कितीतरी सपाटच. कुठला वरचा, कुठला खालचा, ते कळायला आधी त्या माणसाचा आवाज अंगवळणी पडावा लागतो रे!”

फोरमन कायमचा निघणार होता, तेव्हा फिटरने निरोपाचं वाक्य आठ दिवस बसमध्ये घोटलं आणि तो निघाला त्या दिवशी कंपनीच्या गेटवर म्हणून दाखवलं. म्हाताऱ्याने त्याचं हवेतलं बोट धरलं, किंचित खाली आणलं आणि शेवटचा शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग दोघंही हसले.

आता फिटरही गावी गेलाय. बसमध्ये कुणी चिनी बोललं, की माझं बोट गुडघ्यावर आपोआप हलतं. चुकलं तर धरणारं मात्र कुणी नाही.