उपाशी पोटी दोन पुड्या
औषधाच्या पुडीचा कागद सळसळला की जुन्नरचा आमचा कागद बनवायचा हौद आठवतो. संधिवातानं अब्बांची बोटं वळत नव्हती. कंपाउंडरनं मला बजावलं होतं, "औषध जहाल हाय. भाकरी खाल्ल्यावर एकच पुडी द्या." पण उन्हं चढायच्या आत ओले ताव भिंतीला चिकटवायचे होते, म्हणून मी सकाळी उपाशी पोटीच त्यांना दोन दिल्या. "हात लई मोकळं झालं," म्हणत अब्बा कामाला लागले. दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली, ती थेट हौदातल्या पांढऱ्या लगद्यात. "सगळा माल नासवला बघ मी," ते ओशाळून म्हणाले, आणि मी लाल झालेला लगदा उपसायला लागलो. अब्बा वाचले, पण मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. आता माझीही बोटं आखडलीत. सून आधी भाकरी वाढते, मगच पुडी देते. तो पहिला घास काही केल्या गिळवत नाही.