तळ्याकाठचा खांब

मुखेडच्या बसस्टँडवर तू मला मारलंस, दादा. वायरमनच्या नेमणुकीचा कागद माझ्या हातात होता, जळकोटची एसटी लागली होती आणि सगळा आठवडी बाजार बघत होता. "पोरीनं खांबावर चढायचं अन् गावानं खालून बघायचं?" म्हणत तू कानाखाली दिलीस. आई मध्ये पडली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "बस गाडीत. वळून बघू नको." जिल्हा बदलला, नांदेडचा लातूर झाला, तरी गाल जळतच होता.

जळकोटच्या वीज ऑफिसात वर्षभर मला खांबाला हात लावू दिला नाही. रजिस्टर लिही, चहा सांग. साहेब म्हणायचे, "तुम्ही पडलात तर उत्तर कोण देणार?"

मग दुष्काळ आला. तळ्यात गुडघाभर पाणी उरलं, तेही पिण्यासाठी राखलेलं. काठावरून उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारींची वीज तोडायचा हुकूम निघाला. आदल्या दिवशी गेलेल्या दोघांना लोकांनी झोडपून परत पाठवलं होतं. त्यामुळे कुणी उठेना. मी पट्टा बांधला. सोबत निवृत्तीला आलेले शेख चाचा तेवढे आले.

सबस्टेशनवरून लाइन बंद करून घेतली आणि चढले. खाली वीसेक माणसं जमली. "उतर, न्हाईतर खांबासगट जाळतो!" पहिला दगड पाठीत बसला, दुसरा तोंडावर. दोन दात रक्तासोबत हातमोज्यावर पडले. चाचा ओरडले, "रुक नक्को बेटी, काट!"

मी तारा तोडल्या.

उतरले तेव्हा चाचांचं डोकं फुटलेलं होतं आणि एकजण त्यांच्यावर पुन्हा काठी उगारत होता. मी कमरेचा लोखंडी पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. "माझा ऊस वाळून चाललाय गं!" तो मातीत लोळत ओरडला. ते ऐकूनही मी पाना परत उचलला, दादा. त्याच्या जागी मला तू दिसत होतास. चाचांनी रक्ताळल्या हातानं माझं मनगट धरलं, म्हणून तो जगला.

पोलिसांना मी माझा फटकाही सांगितला. चाचा महिनाभर दवाखान्यात होते. बाहेर आल्यावर ते साहेबांना म्हणाले, "माझी जागा हिला द्या." आज तिथल्या लाइनचं काम माझ्या हाताखाली चालतं. त्यात तीन मुली वायरमन आहेत. कामाच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना खांबावर चढवलं. तो माणूस अजून लंगडतो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

आता मुखेडला आले की आई चहा टाकता टाकता विचारते, "परत कधी जाणार?" तू तर अंगणातून उठूनच जातोस. मागच्या खेपेला चार दिवसांनी परतले, तर जळकोटच्या नाक्यावरून भाजीवाली मावशी ओरडली, "कुठं गेल्तीस गं बाई? दोन दिस झालं, आमच्या गल्लीत लाइट न्हाई!"

मी पिशवी तिच्या गाड्याखाली सारली आणि आधी तिच्या गल्लीत गेले.