सोनाळ्याची जॅझ पार्टी

सरळ वाजवणाऱ्यांचे किस्से होत नाहीत बरं का! आम्ही सोनाळ्यात बसून युरोपातल्या सिनेमांचं संगीत जॅझमध्ये वाजवतो. तीन वर्षांत पोतंभर किस्से साठलेत.

आम्ही चौघं. गणिताचे देशपांडे सर ड्रमवर, संत्र्याच्या बागेतून वेळ मिळाला की सुनील बेस गिटारवर, ग्रामपंचायतीतला क्लार्क म्हणजे मी की-बोर्डवर. आणि सॅक्सोफोनवर गजाननभाऊ. त्याचे वडील आबा म्हणजे लग्नाच्या बँडचे जुने मास्टर. पोरानं घरचा बँड सोडून हे धरलं, तेव्हापासून आबा एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. गजाननभाऊला बाकी टाळ्यांचं काही नाही. आबांनी एकदा समोर बसून ऐकावं, एवढ्यातच त्याचा जीव अडकलेला.

*

पहिला कार्यक्रम गणपतीत. फ्रेंच सिनेमाची चाल एकदा वाजवून झाली आणि गजाननभाऊ मनचं वाजवत सुटला. पाच मिनिटांनी मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले आणि त्याच्या कानात म्हणाले, "भाऊ, गाणं सापडत नसंन तर दुसरं घ्या. लोक थांबतीन!"

*

बीबी गावात लग्न होतं. आम्ही इटालियन सिनेमातली एक संथ चाल काढली. नवरीची आई हुंदके द्यायला लागली, मग मावश्या, मग सगळा मांडव! नवरीचा मामा धावत आला.

"बंद करा हो! पाठवणी कायची करता? नवरदेव अजून मेहकरातच हाये!"

*

देशपांडे सरांना पाच मात्रांचा ठेका फार प्रिय. तो त्यांनी एका वरातीत लावला. नाचणारे दोन मिनिटं धडपडले. मग त्यातला एक घामाघूम होऊन सरांपुढे उभा राहिला.

"सर, दरवेळी एक पाय उरून राह्यला ना बे!"

स्वतःच्याच माजी विद्यार्थ्यानं 'बे' म्हटलेलं सरांना अजून लागतं.

*

एका शाळेत मुख्याध्यापकांनी आमची थेट युरोपातले कलाकार म्हणूनच ओळख करून दिली. गजाननभाऊनं माईक घेतला. "नमस्कार! आवाज येऊन राह्यला का मांगं?"

मुख्याध्यापक गहिवरले. "पाहुण्यांनी आपली भाषा किती लवकर उचलली!"

*

आणि परवाचा. आमच्याच गावच्या चौकात कार्यक्रम होता आणि आबा आले! काठी टेकत पहिल्या रांगेत बसले. गजाननभाऊचे ओठ कोरडे पडले. मला म्हणाला, "आज फसलो, तं आबा पुन्हा येत नाई."

आणि फसलाच. चाल वाजवली, मनचं वाजवत फिरायला निघाला आणि परत मुखड्यावर यायची वाटच सापडेना. आम्ही तिघं गोल गोल फिरतोय, त्याचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात आबा उठले. बँडमास्तर वरातीत करतो तसा हात वर केला आणि चालीची पहिली ओळ खड्या आवाजात म्हटली. हात खाली आला, तसे आम्ही चौघं बरोबर मुखड्यावर!

कार्यक्रम संपल्यावर गजाननभाऊनं आबांचे पाय धरले. डोळे भरलेले. "आबा, तुमाले हे चाल कशी येते?"

"तुमी तालीम करता, त्या भिंतीच्या पल्याडच बसतो ना मी. तीन वर्सं झाले, रोज आयकून राह्यलो."

आबांनी चप्पल शोधली, पायात घातली.

"अन् तीन वर्सं झाले, तिथंच चुकून राह्यला बे तू!"